बॉल कोणी उचलला?

“बाई, तो फोन खाली घ्या.”

सेक्रेटरी गॅलरीच्या पायऱ्या चढून वर आले होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. एरवी ते खालूनच हाका मारत. फोटोवाल्या बाईंनी फोन खाली घेतला नाही. उलट स्टँडला रबरबँडने बांधलेला तो फोन त्यांनी जरासा डावीकडे वळवला, कारण पुढची सर्व्हिस डाव्या कोपऱ्यातून होणार होती.

“सामन्याचं शूटिंग करायला समितीची परवानगी लागते.”

“मग द्या.”

“त्याला अर्ज करावा लागतो.”

“तीन केलेत. तिन्ही तुमच्या टेबलावर आहेत. सगळ्यात वरच्या अर्जावर तुम्ही चहाचा कप ठेवता.”

“आणि नाही दिली परवानगी तर?”

“तर मला उचलून बाहेर नेऊन ठेवा,” बाई म्हणाल्या. “चौसष्ट किलो आहे मी. पण तुमचे गुडघे मीच पाहिलेत, आतून. झेपायचं नाही तुम्हाला.”

मागच्या बाकावरचा बॅडमिंटनवाला फिस्सकन हसला. सेक्रेटरींनी त्याच्याकडे एकदा आणि बाईंकडे दोनदा पाहिलं आणि कठडा धरून ते एकेक पायरी खाली उतरले. गॅलरीत सात माणसं होती. त्यातली चार जण, हॉल कधी रिकामा होतो आणि आपलं जाळं कधी बांधतो, याची वाट बघत बसली होती. बायकांच्या व्हॉलीबॉलला यापेक्षा जास्त गर्दी क्लबने कधी पाहिली नव्हती.

बाई मोठ्या इस्पितळात एक्स-रे विभागात कामाला होत्या. एकोणतीस वर्षं झाली. लोक एक्स-रेला फोटो म्हणत, म्हणून त्या फोटोवाल्या बाई. दिवसातून साठ वेळा त्या काचेआडून सांगत, “लांब श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा.” लोकांच्या हाडांबद्दल त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांच्या घरच्यांनाही नसेल. पण खेळाशी त्यांचा संबंध लग्नाआधी नाही, लग्नानंतर नाही. शाळेत असताना त्या पळण्याच्या शर्यतीत पोटात दुखतंय सांगून सावलीत बसत.

बारा वर्षांपूर्वी एक उंच, काटकुळी मुलगी घोट्याचा फोटो काढायला आली. क्लबच्या संघात खेळत होती, पाठीवर सात नंबर. बाईंनी फिल्म उजेडासमोर धरली आणि सांगितलं, हाड शाबूत आहे, पण तीन आठवडे पाय टेकायचा नाही.

“रविवारी मॅच आहे,” मुलगी म्हणाली.

“तुझ्याशिवाय अडलंय का?”

“हो,” ती म्हणाली. फुशारकीने नाही, बसची वेळ सांगावी तसं.

ही मुलगी खरंच दुखऱ्या पायावर खेळते की काय हे बघायला, आणि खेळली तर चार शब्द सुनवायला, फोटोवाल्या बाई त्या रविवारी आयुष्यात पहिल्यांदा त्या हॉलमध्ये शिरल्या. सुनवायचं राहूनच गेलं. सात नंबर संघाची लिफ्टर होती. मागून कसाही, कुठेही आलेला बॉल ती दोन्ही हातांच्या बोटांवर घ्यायची आणि जाळ्याजवळ असा उंच ठेवायची, की मारणारीला फक्त उडी घ्यायची आणि हात फिरवायचा एवढंच काम उरावं. बॉल जमिनीवर आपटला की सगळे मारणारीला टाळी द्यायचे. सात नंबर तोवर आपल्या जागेवर परत गेलेली असायची. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. चाळिशी उलटल्यावर एखाद्याच्या प्रेमात पडतात तसलं काही तरी झालं होतं.

तेव्हापासून रविवार चुकला नाही. छपाई बिघडलेली एक्स-रेची खाकी पाकिटं इस्पितळ टाकून देई, ती बाई घरी आणत आणि सामना बघता बघता त्यांच्यावर खुणा करत. सात नंबरने बॉल नीट उचलला आणि त्यावर गुण मिळाला, की एक टिंब. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती. क्लबच्या तक्त्यात बॉल कोणी मारला एवढंच लिहीत.

“किती दिवस ही टिंबं देणार आहेस?” नवरा विचारी. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि रविवारी दुपारी झोपायचा.

“ती उचलतेय तोवर.”

“आणि मग त्यांचं करायचं काय?”

ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. क्लबच्या वार्षिक समारंभात ते कळलं. अहवालात प्रत्येक खेळाडूचं नाव आणि तिने मिळवलेले गुण छापले होते. सात नंबरच्या नावापुढे लिहिलं होतं, वर्षं दहा, गुण नऊ. ते नऊही सर्व्हिसवर चुकून मिळालेले. सेक्रेटरींनी माइकवर ते वाचलं आणि लोक हसले. सात नंबरही हसली. बाईंच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. समोरचा चहा तसाच ठेवून त्या घरी आल्या, नवऱ्याला उठवलं आणि म्हणाल्या, “अहो, ते ब्लॉग की काय म्हणतात ते कसं सुरू करतात?”

“आत्ता?”

“आत्ता.”

ब्लॉगचं नाव त्यांनी ठेवलं ‘बॉल कोणी उचलला?’ पहिलं वाक्य होतं: ‘अहवालात नऊ छापलं आहे. खरा आकडा मी सांगते.’ मग रोज इस्पितळातून आल्यावर एकेका पाकिटावरची टिंबं मोजून त्या एकेका सामन्याची हकीकत लिहू लागल्या. एका बोटाने टाइप करायच्या. पहिल्या महिन्यात अकरा जणांनी वाचलं. त्यात एक कुणीतरी खाली लिहून गेला, ‘ताई, तुम्ही म्हणता म्हणून मानायचं का? दाखवा की.’

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढच्या रविवारपासून चॅनेल सुरू झालं.

पहिल्या व्हिडिओत निम्मं मैदान आणि निम्मा बाईंचा अंगठा होता. पण हात मात्र हलला नव्हता, हलायला तो काही पेशंटचा हात नव्हता. बाई मागून बोलत. नावं त्या घेत नसत, नंबरच सांगत. ओरडणंही नाही. “चार नंबरने घेतला. वाईट आलाय. सात नंबर पळतेय, पळतेय... धरा...” आणि बॉल पडल्यावर, “सोडा.” हे त्यांच्या तोंडून सवयीने निघून जाई. लोकांना तेच आवडलं. वर्षभरात बघणारे चौदाचे चारशे झाले. चारशे म्हणजे जगाच्या हिशेबात काहीच नाही, पण त्या गॅलरीत ते मावले नसते.

सेक्रेटरी पायऱ्या चढून वर आले ते या चारशेंपायी. आणि आणखी एका कारणापायी.

क्लबला मुलींच्या गटासाठी प्रशिक्षक नेमायचा होता. पूर्ण वेळ, पगारी. सात नंबर आता छत्तीस वर्षांची होती. औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहायची आणि संध्याकाळी सूज आलेला घोटा घेऊन सरावाला यायची. यंदाचा मोसम संपला की तिचं खेळणं संपणार, हे तिला आणि सगळ्यांना ठाऊक होतं. ही जागा मिळाली तर ती हॉलमध्ये राहणार होती, नाहीतर दुकानातच. तिने अर्ज केला. सेक्रेटरींच्या मनात मात्र पुरुषांच्या संघातून निवृत्त झालेला एक मारणारा होता. त्याच्या नावावर चार आकडी गुण होते, अहवालात छापलेले.

सात नंबरने अर्जाला बाईंच्या ब्लॉगची पानं जोडली. बारा वर्षं, सात हजार एकशे बारा टिंबं.

“हे एका चाहतीचे आकडे आहेत,” सेक्रेटरी समितीसमोर म्हणाले. “प्रेमात पडलेल्या माणसाने मोजलेले. ते कोण मानणार?”

हे बाईंच्या कानावर आलं. त्या दिवशी त्यांनी तीन पेशंटना “श्वास सोडा” सांगायचं विसरून ताटकळत ठेवलं. घरी येऊन म्हणाल्या, “सगळे व्हिडिओ पुन्हा बघायचे. एकेचाळीस सामने. पाकिटावरचं टिंब आणि पडद्यावरचा बॉल, एकेक ताडून. तुम्ही पाकीट वाचा, मी बघते.”

“आणि बरोबर निघालं तर?”

“तर तो कागद त्यांच्या तोंडावर फेकते.”

तिसऱ्याच सामन्यात नवरा म्हणाला, “थांब. मागे घे.”

बाईंनी मागे घेतलं. बॉल फार मागे पडला होता. सात नंबर धावली होती, पण पोचली नव्हती. तो उचलला होता अकरा नंबरने. अकरा नंबर संघाची लिबेरो, वेगळ्या रंगाचा शर्ट घालून मागेच खेळणारी, जिला नियमाने जाळ्याजवळ जाऊन मारायलाही मनाई. बुटकी, अबोल मुलगी. तिने अंग टाकून बॉल वर काढला होता, आणि टिंब होतं सात नंबरच्या नावावर.

“तुझे डोळे सातवर होते,” नवरा हळूच म्हणाला. “बॉलवर नव्हते.”

बाईंनी ते टिंब खोडलं. सगळे सामने संपेपर्यंत अशी अडतीस टिंबं निघाली. अडतीसही अकरा नंबरची. एकही चूक उलट बाजूने झाली नव्हती. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सेक्रेटरी जे बोलले तेच खरं निघालं होतं.

“राहू दे गं,” नवरा म्हणाला. “सात हजारांत अडतीस. कोण बघायला जातंय?”

“मी बघितलं ना.”

“अगं, त्या पोरीची नोकरी जाईल.”

“आणि ही दुसरी पोर? हिच्या नावावर शून्य कुणी लिहिलं? क्लबने नाही, मी लिहिलं. दोन वर्षं मी त्या माणसाला शिव्या घालतेय आणि तेच करतेय.” बाईंचा आवाज चढला होता. “फिल्मवर दिसतं ते मी आजवर कधी लपवलं नाही. पेशंट कितीही लाडका असो.”

त्यांनी व्हिडिओ केला. अडतीस तुकडे एकामागून एक लावले आणि मागून सांगितलं, हे मी सात नंबरला दिले होते, हे अकरा नंबरचे आहेत. खरा आकडा सात हजार चौऱ्याहत्तर. त्याआधीच्या दहा वर्षांचं चित्रण नाही, तिथेही अशा चुका असणार, त्या मला आता शोधता येणार नाहीत. ज्यांना माझे आकडे फेकायचे असतील त्यांनी फेकावेत, पण त्यांच्याकडे दुसरे कुठले आकडे आहेत तेही सांगावं.

सेक्रेटरींनी पहिलं वाक्य उचललं आणि शेवटचं सोडून दिलं. समितीत व्हिडिओ दाखवला गेला. मारणाऱ्याची नेमणूक झाली.

दुसऱ्या दिवशी सात नंबर एक्स-रे विभागात आली. बाकावर पेशंट बसले होते, त्यांच्या ओळीत उभी राहिली. नंबर आल्यावर आत आली आणि दार लावून घेतलं.

“तुम्ही गप्प बसला असतात तर?” ती म्हणाली.

“तर कदाचित जागा तुला मिळाली असती.”

“कदाचित नाही. मिळाली असती. समितीतले तिघे माझ्या बाजूने होते.”

बाईंनी अंगावरचा शिशाचा एप्रन काढला. तो जड असतो, काढल्यावर बरं वाटतं, पण त्या दिवशी वाटलं नाही. “माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. “पण सांगितलं ते नाही चुकलं. आधी मोजलं ते चुकलं. तू रागाव. रागावलंच पाहिजेस.”

“बारा वर्षं तुम्ही एकट्याच होतात, बाई,” सात नंबर म्हणाली. “वर बघितलं की तुम्ही दिसायचात. म्हणून मी वर बघायचे.”

आणि ती गेली. बाईंनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्याने विचारलं, श्वास कधी धरायचा. बाई म्हणाल्या, “सांगते, थांबा जरा,” आणि काचेआड जाऊन डोळे पुसले.

त्यानंतरच्या रविवारी मोसमातला शेवटचा सामना होता. नवरा म्हणाला, नको जाऊस, उगाच जखमेवर मीठ. बाई गेल्या. नवराही निघाला, झोप सोडून, स्टँड हातात घेऊन. दारात सेक्रेटरी उभे होते. “अजून आहेच का तुमचं?” त्यांनी विचारलं.

“आहे,” बाई म्हणाल्या. “आणि पुढच्या मोसमातही आहे. तुमच्या नव्या प्रशिक्षकाच्या मुली काय उचलतात तेही मोजणार आहे. सरका.”

ते सरकले.

सामना चुरशीचा झाला नाही. आपला संघ हरतच होता. सात नंबरने एकदाही वर पाहिलं नाही. बाई बोलत राहिल्या, आवाज जागेवर ठेवून. त्यांना हे इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. तरी डोळे त्यांनी बॉलवरून हलू दिले नाहीत. पाचच्या पाच सेट खेळायची वेळच आली नाही, तिसरा शेवटाला आला. समोरून जोरदार फटका आला आणि बॉल कुणाच्या तरी दंडाला लागून थेट मागच्या भिंतीकडे उडाला. सात नंबर धावली, दुखऱ्या पायावर धावली, आणि तिच्या पुढून अकरा नंबरने झेप घेतली. दोघी एकमेकींवर आदळून पडल्या. बॉल वर गेला, चार नंबरने मारला, पलीकडे जमिनीवर आपटला. गुण.

वरून कुणालाच नीट दिसलं नव्हतं. हात कुणाचा होता, सातचा की अकराचा, बाईंनाही सांगता येईना. पाकिटावर पेन टेकलेलं तसंच राहिलं. “गुण मिळाला,” त्या फोनमध्ये म्हणाल्या. “उचलला कुणी, ते...”

खाली सगळ्याजणी चार नंबरभोवती जमल्या होत्या. सात नंबर जमिनीवरून उठली. त्या गर्दीत गेली नाही. तिने गॅलरीकडे पाहिलं, सरळ बाईंकडे. मग अजून खाली बसलेल्या अकरा नंबरला दंडाला धरून उभं केलं, तिची पाठ गॅलरीकडे वळवली आणि शर्टावरच्या आकड्यावर हात ठेवला. बाईंना नीट दिसेपर्यंत ती तशीच उभी राहिली.