मोरपीस खरवडा

मी शाळेच्या अडगळीतलं चित्र बोलतोय, आणि चिडून बोलतोय.

१९९४ साली हट्टा गावात माझा जन्म झाला. चित्रकला शिकणारा प्रेमानंद सुट्टीत घरी आला होता. अंगणात त्याची माय सोजराबाई पाय पसरून बसलेली, नडग्यांवर तान्ही करुणा पालथी, पाठीवर कोमट पाणी आणि कोवळं ऊन. लेक भोकाड पसरून रडत होती, माय हसत होती. ऊन सरकायच्या आत त्याने मला भराभर फटकाऱ्यांनी रंगवलं. जवळून बघाल तर नुसते डाग. जरा मागे सरा, मायलेकी दिसतात. मायच्या फुटलेल्या टाचा मात्र त्याने निगुतीने काढल्या.

नोकरीला लांब जाताना त्याने मला गावच्या शाळेला दिलं. मुख्याध्यापकांनी नाक टेकवून पाहिलं. "अर्धवटच आहे की! नाक-डोळे कुठायत?" मागे सरायचे कष्ट कोण घेणार!

पाट्या रंगवणाऱ्या जगनला बोलावलं. त्याने ऑइलपेंटने नाक-डोळे काढले, सोजराबाईला मुकुट चढवला, करुणाच्या केसांत मोरपीस खोवलं. पोरीचा बाळकृष्ण झाला, मायची यशोदा! बौद्धवाड्यातली रोजाने राबणारी बाई यांच्या भिंतीवर चालत नव्हती. सोन्याने मढवली तेव्हा चालली. मला हार घातले, उदबत्त्या लावल्या. माझा नुसता संताप होत होता.

पुढे करुणा त्याच शाळेत आली. घरी ऐकलेलं तिने मैत्रिणींना सांगितलं, "ही माझी माय हाय. दादानं काढली." सगळा वर्ग खदखदून हसला. वर्गाच्या बाईंनी देवाची चेष्टा करते म्हणून तिला छडी मारली, तीही माझ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी सोजराबाई आली. "काहून मारलं लेकराला?"

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मुकुटातली ती गोरी बाई सोजराबाईला ओळखूच येईना. मग तिची नजर खाली गेली. पायांना जगनने हात लावला नव्हता.

"हे पाय माझे हायेत," ती म्हणाली. चप्पल काढून तिने टाच दाखवली. "बराबर बघा."

कुणी बघितलं नाही. तेव्हा ती बाकावर चढली आणि नखाने मोरपीस खरवडू लागली.

"अहो, पाप लागेल!" बाई ओरडल्या.

"माझ्या लेकराच्या डोक्यावरचं काढून राहिले मी!"

अर्धंच निघालं. मुख्याध्यापकांनी मला उतरवून इथे टाकलं, तोंड भिंतीकडे करून. करुणाची शाळा त्या दिवशी सुटली ती सुटलीच.

मला हार नकोत, उदबत्ती नको. कुणीतरी या, उरलेला रंग खरवडा. आणि करुणाला सगळ्या वर्गासमोर सांगा, ती खोटं बोलली नव्हती.