परत बोलवायचं बटण

आण्णांनी अंगठा नेमका त्याच बटणावर टेकवला. मोबाईलच्या पडद्यावर निळा झोत आला, चिखलाच्या रंगाचं ते शिंगाळं जनावर झोतात नाहीसं झालं आणि गुहेतला दगडी राक्षस समोर कुणीच नाही म्हणून आरामात उभा राहिला. त्याच्या अंगावरचं फुटलेलं कवच बघता बघता पुन्हा जुळून आलं.

"आण्णा!" मोनानं कपाळावर हात मारला. "परत बोलावलं तिला? अवो, निम्मं कवच फोडलं हुतं की तिनं!"

"तिला लागलं हुतं."

"लागणारच. लढाई हाय ती."

"मुक्या जनावराला किती ताणायचं? निम्म्याच्या खाली आलता तिचा जीव."

मोबाईलमधल्या जनावराला जीव असतो की नाही, यावर सासऱ्याशी वाद घालायचा मोनाचा उत्साह केव्हाच संपला होता. तिनं चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी सरकवला आणि ती भाजी निवडायला बसली.

आण्णांचं, म्हणजे आकारामांचं, सगळं आयुष्य म्हशींच्या मागं गेलं. मंगळवार पेठेतल्या घरामागच्या गोठ्यात दोन म्हशी, आणि दोन्हींची धार काढायची ती त्यांनीच. पावसाळ्यात एका सकाळी अर्धांगाचा झटका आला, दुधाची चरवी हातातून निसटली आणि ते तिथंच गोठ्यात बसले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय चालत होता, बोलणं नीट झालं होतं, पण उजव्या हाताची बोटं तळव्यात मिटून बसली होती. म्हशी राधानगरीकडं भाच्याकडं, ज्ञानूकडं गेल्या. हात चालला की परत आणायच्या, असं ठरलं. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं. पहिल्या काही महिन्यांत बोटं जेवढी उघडतील तेवढी उघडतील, नंतर ती तशीच राहायची.

बोटं उघडायचं काम मोनाकडं आलं. तिचा नवरा विश्वजित सकाळीच एमआयडीसीत कामाला जायचा आणि बापाचा हात हातात घ्यायला त्याला धीरही होत नव्हता. रोज दोन वेळा गरम पाण्यात हात शेकायचा, मग एकेक बोट सरळ करून तसंच धरून ठेवायचं. दवाखान्यातल्या बाईंनी तिला नीट शिकवलं होतं. सोडायचं नाही, असं दोनदा बजावलंही होतं. आण्णा बोंब मारायचे. त्यांच्या शिव्या गल्लीला नव्या नव्हत्या, सुनेला मात्र नव्या होत्या. आणि एका संध्याकाळी त्यांनी विश्वजितपुढंच तोंड सोडलं.

"ही माझी बोटं मोडती आणि सोता खिडकीकडं तोंड करून बसती. गल्लीतली गंमत बघत! म्हातारा मरू दे न्हायतर जगू दे, हिला काय?"

मोनानं त्यांचा हात पुसला, पाण्याचं भगुलं उचललं आणि ती आत गेली. त्या दिवसापासून व्यायाम बंद झाला. आण्णा हात पुढं करेनात, आणि तीही मागेना.

पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. चंदगडच्या पावसात वाढलेली पोर, सहजासहजी हार मानायची नाही. तिनं आण्णांच्या मोबाईलवर तिचा धाकटा भाऊ खेळायचा तो गेम घालून दिला. त्यात रानावनातून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, मोठे करायचे आणि एकेका गुहेतल्या राक्षसाशी लढवायचे. तिची अट एकच होती. खेळायचं ते उजव्या अंगठ्यानंच. आण्णा दोन दिवस मोबाईलकडं बघून नाक मुरडत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी मोना बघते तर म्हातारा मान खाली घालून अंगठा हलवतोय.

सहा गुहा पार झाल्या. सातवीतला तो दगडी राक्षस मात्र कुणाला दाद देईना. मोनानं मोबाईलवर त्यावरचे व्हिडिओ शोधून काढले. सगळे एकच सांगायचे, की अंडी उबवा, आगीचा पक्षी काढा, तो मोठा होताना मिळतील तेवढे गुण हल्ल्याच्या ताकदीत घाला आणि तुटून पडा. आण्णांनी पक्षी बघितला आणि नापसंत केला.

"पायात बळ न्हाय. नुसता डौल."

त्यांनी निवडलं ते चिखलात लोळणारं, आखूड पायांचं, रुंद छातीचं जनावर. एक नव्हे, त्याच जातीची बरीच अंडी उबवली. म्हैस घेताना बाजारात बघतात तसं प्रत्येक पिल्लू फिरवून फिरवून बघितलं, बाकीची बाजूला ठेवली आणि एकीला नाव दिलं सुंदरी. तिला खाऊ घालायची वेळ ठरली, सकाळी आणि संध्याकाळी. गेमला वेळेचं काही नव्हतं, आण्णांना होतं. गुण वाटायची वेळ आली तेव्हा दोघांचं चांगलंच वाजलं.

"हल्ल्यात घाला, आण्णा. मारणारच न्हाय तर जिंकणार कशी?"

"आधी उभी राहू दे. दमात घाल. जी टिकत न्हाय, ती मारून मारून किती मारणार?"

थोडं इकडं थोडं तिकडं करून भागत नाही, हे मोनाला व्हिडिओंनी शिकवलं होतं. शेवटी सगळे गुण दमात आणि कातडीत गेले. मग एकदा सुंदरीची माहिती वाचताना मोना थबकली. सुंदरीत एक जन्मजात खुबी होती. तिचा जीव पाव हिश्श्याच्या खाली उतरला की तिचा घाव तिप्पट बसायचा. म्हणजे म्हाताऱ्याचा हिशेब बरोबरच होता. खूप वेळ मार खात टिकणारी आणि शेवटी शेवटी भारी पडणारी, असं जनावर त्यांनी नकळत घडवलं होतं. फक्त ते शेवटापर्यंत कधी पोचतच नव्हतं, कारण जीव निम्म्यावर आला की आण्णांचा अंगठा परत बोलवायच्या बटणावर जायचा.

त्यांचा तो स्वभावच होता. दिवाळीत म्हशी सजवून पळवतात, तेव्हा एका वर्षी त्यांची म्हैस किंचित लंगडली म्हणून त्यांनी तिला भर गर्दीतून, शिंगांची मोरपिसं तशीच ठेवून, घरी आणलं होतं. खुरात काटासुद्धा निघाला नाही. गल्लीनं वर्षभर त्यांची थट्टा केली. जनावर कण्हलं की थांबायचं, हा त्यांचा कायदा, आणि तो मोडायचं त्यांना कधी सुचलंच नाही.

अंगठा आता चांगला चालत होता. बाकीची चार बोटं तशीच. नुसत्या अंगठ्यानं धार निघत नाही, हे मोनापेक्षा आण्णांना जास्त ठाऊक होतं. पण ते त्यावर बोलत नव्हते, आणि डॉक्टरांनी दिलेले महिने सरत आले होते.

भाजी निवडून झाली तशी मोना त्यांच्याजवळ येऊन बसली.

"आण्णा, पुन्यांदा लावा. ह्या खेपेला मी सांगते तसं करा. अंगठा उचलून ठेवायचा. ती पाव हिश्श्याच्या खाली आली की मी सांगीन, तवाच मारायचं."

"आणि तवर?"

"तवर काय न्हाय. सोसू दे तिला."

"मरंल की गं."

"ह्यात मरत न्हाईत. पडली तर दवाखान्यात न्हेली की उभी राहती. पण तुम्ही तिला एकदा तरी पुरं लढू द्या. तिच्यात हाय ते बाहेरच येऊ देत न्हाय तुम्ही."

आण्णांनी तिच्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. सुंदरी मैदानात उतरली. राक्षसानं पहिला धोंडा मारला. ती हलली, पण उभी राहिली. दुसरा धोंडा बसला. सुंदरीच्या तोंडून गेममधला तो बारीक, घोगरा आवाज निघाला. इतके दिवस ऐकलेला आवाज, पण आज तो बंद होईना. जीव निम्म्यावर आला. आण्णांचा अंगठा बटणाच्या वर येऊन थांबला.

"आण्णा."

"कळतंय."

तिसरा धोंडा बसला, चौथाही बसला. सुंदरी ओरडत होती. आण्णांचा जबडा आवळला, डोळ्यात पाणी आलं. अंगठा बटणापासून लांब ठेवायचा एवढं एकच काम होतं, पण तिच्याकडं बघत बघत ते त्यांच्यानं होईना. त्यांनी मोबाईल तसाच धरला आणि मान फिरवली. खिडकीकडं.

गल्लीत गंमत काहीच नव्हती. समोरच्या घराची भिंत, तिच्याखाली लावलेली एक स्कूटर आणि तारेवर वाळत टाकलेली चादर. एवढंच बघायला एखादं माणूस रोज दोन वेळा इकडं तोंड करून बसत असेल, हे शक्यच नव्हतं. आण्णांच्या ते लक्षात आलं. कानावर सुंदरीचं ओरडणं येत होतं. त्यांनी अंगठा हलवला नाही.

"आता! आण्णा, मारा, आता!"

त्यांनी मान वळवली आणि अंगठा दाबला. सुंदरी उसळली. राक्षसाच्या छातीवर असा घाव बसला की सगळं कवच एकदम फुटलं, आणि दुसऱ्या घावाला तो धुरळा करत खाली बसला. पडद्यावर रंगीत कागद उडू लागले. मोनानं टाळ्या पिटल्या.

"जिंकली की वो! आण्णा, बघा की, उभी हाय अजून! केवढासा जीव उरलाय, तरी उभी हाय!"

आण्णांनी मोबाईल बाजूला ठेवला, डाव्या हातानं डोळे पुसले आणि म्हणाले,

"पाणी गरम कर."

"चहा पाहिजे?"

"चहा न्हवं. हाताला."

मोना उठता उठता थांबली. आण्णा तिच्याकडं न बघता बोलत राहिले, थांबलो तर पुन्हा बोलणं व्हायचं नाही अशा घाईनं.

"विश्वजितपुढं तुला बोललो ते लई चुकलं माझं. माझा सोताचा पोरगा माझ्या हाताला हात लावत न्हाय, आणि तू माझ्या शिव्या खाऊन रोज माझी बोटं सरळ करत हुतीस. मला एका चित्रातल्या जनावराकडं बघवंना मगाशी. तुझे लई उपकार हाईत, पोरी. हे आदीच म्हणायला पाहिजे हुतं."

"उपकार कसले, आण्णा," मोना म्हणाली. "पाणी ठेवते."

भगुलं आलं. हात शेकून झाला. तिनं टॉवेलनं तो टिपून घेतला, मांडीवर उशी घेतली आणि करंगळीपासून सुरुवात केली. मधले दिवस फुकट गेले होते, बोटं जास्तच आखडली होती. अनामिका जराशी सरळ झाली आणि आण्णांनी अशी आरोळी ठोकली की तारेवरचा कावळा उडाला. मोनानं दचकून हात सोडला.

"सोडलंस का?"

"तुम्ही वरडला की."

"मी वरडणारच. तुझं काम तू कर." त्यांनी हात पुन्हा तिच्या हातात दिला. "वरडू दे मला. सोडू नकोस."

तिनं बोट धरलं. आण्णांनी पुन्हा आरोळी दिली. या वेळी तिनं सोडलं नाही. समोरच्या घरातली आक्का गॅलरीत आली आणि काळजीनं ओरडली,

"काय झालं वो आण्णा? लई दुखतंय काय?"

"व्हय!" आण्णांनी आतूनच सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज दिला. "सून बोटं सरळ करतीया माझी! लई बेस दुखतंय!"