परक्या बोल्टवर काढलेली वर्षं

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी रायफल आहे. दस्त्यावर ओरखडे आहेत, नळीचा काळा रंग हात लागून लागून उडाला आहे, आणि टोकाला नेम धरायचा जो बारीक मणी असतो, तो किंचित डावीकडे कलला आहे. पण नळी आतून अजून आरशासारखी आहे. म्हातारीला एवढी बढाई चालते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. काडतूस नळीत ढकलून मागचं दार बंद करणाऱ्या पोलादी दांड्याला बोल्ट म्हणतात. तिथे प्रत्येक नळीसाठी वेगळा बोल्ट हाताने घासून बसवत. जोडी फुटू नये म्हणून दोघांवर एकच आकडा कोरत. माझ्या शेजारी त्याच बाकावर माझी बहीणही तयार झाली. एकच गिऱ्हाईक आम्हा दोघींना घेऊन गेलं. त्याला दोन मुलगे होते, आणि एकाला देऊन दुसऱ्याला रडवण्याइतका तो भोळा नव्हता. मी थोरल्याच्या वाट्याला आले, बहीण धाकट्याच्या.

जंगलाच्या कडेला शेतं होती आणि रानडुकरं एका रात्रीत उभं पीक उकरून टाकत. सरकारी परवाना घेऊन दोघे भाऊ राखणीला जात. लोक त्यांना मानाने बोलावत. काम झालं की मान पुढच्या नासाडीपर्यंत गुंडाळून ठेवत, ही गोष्ट वेगळी.

एका पहाटे दोघांनी एकाच क्षणी चाप ओढला. डुक्कर एकच पडलं, आणि त्याच्या अंगावर भोकही एकच. धाकट्याच्या अंगणात दोघे बोल्ट काढून आम्हाला पुसत बसले होते, तेव्हा विषय निघाला.

"माझी गोळी लागली," थोरला म्हणाला.

"तुझी बांधाला लागली, दादा. मातीच उडाली की."

"मला नेम शिकवतोस? बंदूक धरायला तुला मी शिकवलं."

"म्हणूनच पहिली दोन वर्षं काही पडलं नाही!"

गोळी कोणाची होती हे मला ठाऊक आहे, पण आता सांगून कोणाचं भलं होणार आहे? बोलता बोलता दोघे मेलेल्या बापापर्यंत पोहोचले. थोरला ताडकन उठला, हाताला लागला तो बोल्ट माझ्यात खुपसला आणि घर गाठलं. तो बोल्ट माझा नव्हता, बहिणीचा होता. त्या दिवसापासून भावाभावांत अबोला आणि माझ्या अंगात परका बोल्ट.

बाहेरून काही कळत नसे. पण माझं मागचं दार पुरतं लागत नव्हतं. दर गोळीला काडतूस फुगे आणि बोल्ट मागे धक्का खाई. आणि मित्रांनो, त्या बोल्टमागे, माझ्या दस्त्याला गाल टेकून, माझ्या मालकाचा चेहरा असे. एखाद्या दिवशी ते दार निसटलं तर? मी डुकरांसाठी घडलेली. ज्याने मला इतकी वर्षं तेल दिलं, त्याचाच चेहरा माझ्या हातून जाणार की काय, ही धास्ती घेऊन मी जगत होते.

शेवटी धक्के खाऊन बोल्टची आकडी तुटली. रिकामं काडतूस बाहेर ओढते ती. मला जरा बरंच वाटलं. निदान मी बंद पडले. पण मालक बंद पडणारा नव्हता. बोल्ट खिशात टाकून तो आकडी शोधायला निघाला. माझा कारखाना कधीच बंद झाला होता. कुठे काय झालं ते तो घरी येऊन बायकोला सांगे, तेच मी ऐकलं. पहिला दुकानदार म्हणाला, "मिळेल की," आणि महिनोन्‌महिने तेच म्हणत राहिला. दुसऱ्याने भलत्याच बंदुकीची आकडी काढून दाखवली आणि थोडी ठोकली की बसेल म्हणून छातीवर हात ठेवला. एका हौशी संग्राहकाकडे माझ्यासारखी रायफल काचेच्या कपाटात होती. तिला हात लावू देईना. वर चहा पाजून तिच्याच गोष्टी ऐकवल्या. माणसांच्या जमाखर्चात मी एवढंच पाहिलं आहे की सल्ला भरपूर जमा होतो आणि सुटा भाग कोणाकडेच निघत नाही.

अखेर भंगारातल्या एका मोडक्या बंदुकीत तंतोतंत तशी आकडी सापडली. मालक मला खांद्याला लावून थेट मिस्त्रीकडे घेऊन गेला. बंदुका दुरुस्त करणारा हा मिस्त्री सायकलच्या दुकानामागे बसे. त्याने आकडी बसवली, आणि बोल्ट माझ्यात सरकवताना एकदम थांबला. "वापरलेलं काडतूस आहे का एखादं?"

मालकाने खिशातून काढून दिलं. मिस्त्रीने ते उजेडात फिरवलं. बुडाशी चकचकीत वळं उमटलं होतं.

"फुगलंय. हा बोल्ट हिचा नाही."

"काहीतरीच काय! पहिल्यापासून हिच्यातच आहे."

"मग नळीवर एक आकडा आणि बोल्टवर दुसरा, हे कोणी कोरलं? उंदरांनी?" मिस्त्रीने डोळ्यावरचं भिंग उतरवलं. "तुमचं थोबाड अजून जागेवर आहे, हे नशीब समजा. हिचा बोल्ट आणा. तोवर हिला उडवू नका."

मालकाला आकडा वाचता क्षणीच अंगण आठवलं असणार, कारण पुढे वाद न घालता तो मला खांद्याला लावून तडक घरी आला. बायकोने खोदून खोदून सगळं वदवून घेतलं.

"नवा घडवून घेईन," तो म्हणाला. "नाहीतर आहे तसंच चालवीन. इतकी वर्षं काय झालं?"

"अहो, एका आकडीसाठी सारा मुलूख पालथा घातलात. सख्ख्या भावाच्या दारात जायचं म्हटलं की लगेच गुडघे दुखतात! जा. नाहीतर ती बंदूक मी विहिरीत टाकते."

तिने टाकलीही असती. मालकालाही ते माहीत होतं.

धाकट्याने दार उघडलं आणि पाहुण्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. काही न विचारता तो आत गेला आणि तेलकट फडक्यात बांधलेली वस्तू घेऊन आला. माझा बोल्ट! त्याच्यावर गंजाचा ठिपका नव्हता. थोरल्याने परका काढला, माझा सरकवला. कसलाही आवाज न होता दार लागलं. इतक्या वर्षांनी माझ्या पाठीत पोलाद भरलं.

"फडक्यात का बांधून ठेवला होतास?" थोरल्याने विचारलं.

"बदललाय हे कळल्यावर मी बंदूक उडवलीच नाही, दादा."

"कधी कळलं?"

धाकटा खाली बघत म्हणाला, "त्याच आठवड्यात. पुसताना आकडा दिसला."

"म्हणजे स्वतःचा जीव सांभाळलास. आणि माझा?"

"दोनदा फाटकापर्यंत आलो होतो. वाटलं, मी धाकटा, दर वेळी मीच का नमायचं? तुझा बार ऐकू आला की खिडकीशी उभा राहायचो. दुसरा बार झाला की मग जेवायला बसायचो."

थोरल्याने भावाचा बोल्ट त्याच्यापुढे ठेवला. मला वाटलं, संपलं सगळं. तो मला घेऊन पायरी उतरला, आणि मागे न वळता बोलला.

"उद्या वरच्या शेतात जायचंय. ये. पण माझ्या पुढे चाल, मागे नको."

धाकटा "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुढे चालला. अजूनही पुढेच चालतो. मागे चालण्याइतका विश्वास परत यायचा आहे, आणि तसला भाग भंगारात मिळत नाही.

मित्रांनो, वस्तू पुसावी, कोरडी ठेवावी, कुलपात ठेवावी, हे तुम्हाला कोणीही सांगेल, आणि ते कराच. माझं मागणं एवढंच आहे. दुसऱ्याच्या हातात धोक्याची वस्तू दिसली, तर आधी त्याला सांगा. अबोला मग सावकाश धरा.