दर दोन तासांनी सुखरूप

कंपनीत मला सगळे सासूबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण ऐकू येतं. बाहेरगावी कामाला गेलेल्या माणसाला दर दोन तासांनी ‘कुठे आहेस, बरा आहेस ना’ असं विचारणारी बाई दुसरी कोण असणार? खरं तर विचारते मी नाही, विचारतं ते ॲप. पण शिव्या ऐकायला ॲपला कान नाहीत, मला आहेत.

आमची कंपनी ट्रक तोलायचे भुईकाटे दुरुस्त करते. मिस्त्री लोक आठ-आठ दिवस गावोगाव असतात. गेल्या वर्षी साहेबांनी कुठल्याशा प्रदर्शनात हे ॲप पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं. प्रत्येकाच्या फोनवर ते बसवलं. झेरॉक्सचं मशीन आणि पाण्याचं पिंप यांच्या मधे एक टेबल टाकलं, भिंतीवर नकाशाचा पडदा लावला आणि मला तिथे बसवलं. नऊ, अकरा, एक, तीन, पाच. ठोक्याला फोन वाजतो, ‘आपण सुखरूप आहात का?’ बटण दाबलं की नकाशावर त्या माणसाचा ठिपका हिरवा होतो. दहा मिनिटांत दाबलं नाही तर माझ्या टेबलावर भोंगा वाजतो आणि त्याच्या घरी आपोआप फोन जातो.

त्या आपोआप फोनने पहिल्याच महिन्यात माझ्या वहिनीच्या तोंडचं पाणी पळवलं. माझा सख्खा मोठा भाऊ याच कंपनीत हेडमिस्त्री आहे. दादा काट्याखालच्या खड्ड्यात उतरला होता, दोन्ही हात ग्रीसने माखलेले, फोन वर पिशवीत. अकरा वाजून दहा मिनिटांनी मशीनमधल्या बाईने वहिनीला सांगितलं, ‘आपल्या नातेवाइकाशी संपर्क होत नाही. कृपया शांत राहा.’ वहिनी कसली शांत राहतेय. शेजारणीला घेऊन ऑफिसात आली आणि माझ्या टेबलापाशी रडत बसली. मी दादाला फोनवर फैलावर घेतलं.

“चिमे, खड्ड्यातल्या माणसाने बटण कशाने दाबायचं? नाकाने?” दादा म्हणाला.

“वर जो असेल त्याला दाबायला सांग. कुणीही दाबा, पण मला हिरवं दिसलं पाहिजे.”

हे मी म्हटलं, माझ्याच तोंडाने. त्यानंतर भोंगा कधी वाजला नाही. दादा आणि त्याच्या जोडीला जाणारे वायरमनकाका, दोघांचे ठिपके तीन सेकंदांच्या अंतराने हिरवे व्हायचे. एकच अंगठा दोन फोनांवर फिरतोय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. साहेबांना कळलं नाही. ते आल्यागेल्याला पडदा दाखवून म्हणायचे, “शंभर टक्के.”

त्यात आणखी एक शहाणपणाचा नियम. कळवलेल्या वाटेपासून फोन पाच किलोमीटर लांब गेला की पुन्हा भोंगा. वाट बदलायची तर आदल्या दिवशी अर्ज आणि वर साहेबांची मंजुरी. मोडला तर तीन महिने बाहेरगावची कामं बंद. आता उद्या काट्याची केबल उंदरांनी कुरतडलेली सापडणार, हे आज कुणाला स्वप्नात येतं? मग मिस्त्री लोकांनी पळवाट काढली. अचानक कुठे जायचं झालं की फोन जोडीदाराकडे ठेवायचा आणि जाऊन यायचं. म्हणजे ज्या वेळी माणूस खरोखर रस्त्यावर, नेमका त्याच वेळी त्याच्याजवळ फोन नाही. रोग परवडला पण हे औषध नको. माझ्या हे कानावर आलं होतं. एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

परवा बुधवारी दीड वाजता वहिनीचा फोन आला.

“वन्सं, यांचा फोन नाही आला आज. मी केला तर वायरमनभावजींनी उचलला. म्हणाले, खड्ड्यात आहेत.”

दादा रोज एकला जेवायला बसला की वहिनीला फोन करतो. घरी काय केलंय ते विचारतो आणि स्वतःच्या ताटाला नावं ठेवतो. मी मान वर करून पडद्याकडे पाहिलं. एकचा ठिपका हिरवागार होता.

“सुखरूप आहे गं वहिनी. तू जेवून घे.”

साडेतीनला पुन्हा. “वन्सं, आता म्हणतात अंघोळीला गेलेत.”

मी तेव्हा महिन्याचा अहवाल भरत होते. शंभर टक्क्यांचे रकाने. “मग गेला असेल. हिरवा आहे म्हटलं ना. मला कामं आहेत, वहिनी.”

माझा आवाज चढला होता. तिने “बरं” म्हणून फोन ठेवला.

सव्वापाचला तिसऱ्यांदा. “वन्सं, रागावू नका. पण ते पुन्हा अंघोळीला गेलेत म्हणे.”

मी अहवाल बाजूला सारला. सुट्टीच्या दिवशी दादाला अंघोळीला पाठवायला घरात तीन माणसं लागतात. एका दिवसात दोनदा अंघोळ करणारा माणूस माझा भाऊ नव्हे. मी दादाच्या फोनवर फोन लावला. वायरमनकाकांनी उचलला.

“काका, दादा कुठे आहे? आणि अंघोळीचं नाव काढू नका.”

काका साठीला आलेले, साधे गृहस्थ. म्हणाले, “केबल आणायला गेलाय गं. साडेदहाला. आम्ही उतरलोय त्या लॉजवाल्याची बाईक घेऊन. दोन तासांत येतो म्हणाला होता.”

“आणि तुम्ही पाच वाजता त्याचं बटण दाबलंत?”

“तूच म्हणाली होतीस ना, कुणीही दाबा.”

मी फोन ठेवला आणि टेबलावरचं लाल बटण दाबलं. त्याच्यासाठीच तर मला तिथे बसवलं होतं. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘सदर कर्मचारी नियोजित ठिकाणी असून त्याने पाच वाजता सुखरूप असल्याचे कळवले आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे.’ मी पुन्हा दाबलं. त्याने पुन्हा बंद केली. त्या मेल्या पडद्यावर पाण्याचं पिंप उपडं करावंसं वाटलं.

साहेब केबिनमधून आले. “काय चाललंय? तो हिरवा आहे की.”

“फोन हिरवा आहे, साहेब. माणूस तिथे नाहीये. सकाळपासून नाहीये.”

“मग बटण कोण दाबतंय?”

“वायरमनकाका. मीच तसं सांगितलं होतं.”

साहेबांनी मला फाडून खायला हवं होतं. ते पडद्याकडे बघत म्हणाले, “पण मग हे शंभर टक्के कसं आलं?” या माणसाशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी सरळ फोन हातात घेतला.

काकांकडून केबलच्या दुकानाचा नंबर घेतला. दुकानदार म्हणाला, सव्वाबाराला केबल घेऊन गेले. लॉजकडे यायला रस्ता एकच. त्या रस्त्यावरच्या दवाखान्यांचे नंबर शोधून एकेक लावत सुटले. तिसऱ्या ठिकाणी नर्सने विचारलं, “काही खूण आहे का?”

“उजव्या भुवईवर व्रण आहे. लहानपणी मीच पाटी फेकून मारली होती.”

ती बघून आली. “आहे. ट्रकने धडक दिलीय. पावणेदोनला आणलं. डोक्याला मार आहे, पण जिवाला धोका नाही. शुद्ध येते-जाते, नाव सांगता येत नाही. खिशात फक्त केबलची पावती, तिच्यावर नाव नाही. आम्ही पोलिसांना कळवलंय, कुणी हरवल्याची तक्रार आली का म्हणून. कुणाचीच आली नाही.”

“पाय?” हे मी का विचारलं मला माहीत नाही. कदाचित तिच्या आवाजावरून.

तिने फोन डॉक्टरांकडे दिला. ते माझ्यापेक्षाही वैतागलेले होते. “उजव्या पायाचा रक्तपुरवठा तुटलाय. ते ऑपरेशन इथे होत नाही, मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं होतं. बेवारस पेशंट घ्यायला तिथे कुणी तयार होईना. घरचं एक माणूस चारपर्यंत आलं असतं, तरी पाय वाचवता आला असता. आता खात्री देत नाही. सगळा दिवस कुठे होतात तुम्ही लोक?”

कुठे होते? त्याच्या ठिपक्यासमोर बसले होते.

मी गाडी केली आणि वहिनीला घराखालून घेतलं. जे होतं ते सगळं सांगितलं, पायाचंही, चार वाजताचंही, काहीही लपवलं नाही. मला वाटलं ती आकांत करेल. ती मांडीवर दादाच्या कपड्यांची पिशवी घेऊन समोर बघत बसली. गाडी गल्लीतून बाहेर पडली तेव्हा तिने विचारलं, “किती वेळ लागेल?”

ड्रायव्हर म्हणाला, “दोन तास धरा.”

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग माझ्याकडे वळली.

“वन्सं, दुपारी मी विचारलं, तेव्हा तुम्ही त्यांच्याशी बोलून सांगितलं होतं?”

“नाही वहिनी. न बोलताच सांगितलं.”

“नुसतं ‘माहीत नाही’ म्हणाला असतात,” ती म्हणाली, “तर मी दीडलाच त्यांच्याकडे निघाले असते.”