कोरडा सांधा

पलंगाचा पाय आणि आडवी पट्टी यांच्यामधल्या फटीत फट मोजायचं अर्ध्या मिलिमीटर जाडीचं पोलादी पातं आत गेलं. आधी जरा अडलं, मग बोटाने रेटल्यावर सरकलं. मागच्या रविवारी चार दशांशाचं जात होतं आणि पाचाचं अडत होतं. तिने वहीत तारीख घातली, पुढे ०.५ लिहिलं. ही चौदावी नोंद.

वरून लेकीने वाकून पाहिलं. "आई, परत? डॉक्टरसुद्धा एवढं तपासत नाहीत."

"खाली उतर आधी."

"का पण? चार वाजता त्या दोघी मैत्रिणी येणारेत. मी वर उशा मांडतेय."

"मांडल्यास ना? मग उतर. आंघोळ राहिलीये तुझी."

लेक कुरकुरत शिडी उतरली. शेवटच्या दोन पायऱ्या तिने उडी मारून चुकवल्या. वरची चौकट हलली नाही. निदान दिसण्याइतकी नाही.

हा उंच पलंग तिने सात महिन्यांच्या रविवारांत केला होता. झोपायचं वर, अभ्यासाचं टेबल खाली. आठवडाभर ती वजनमापांच्या कार्यालयात दुकानांचे तराजू तपासायची. रविवारी मात्र भाड्याच्या एका शेडमध्ये, हौसेने लाकूडकाम करणाऱ्या पाच-सहा जणांबरोबर. त्यांत एक दातांची डॉक्टर होती, दोन मास्तर होते, आणि निवृत्त फिटर होते, ज्यांना सगळे काका म्हणत. पलंग उभा राहिला त्या दिवशी काकांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, चारही पायांवर बोटाने टकटक केली आणि बाकीच्यांना म्हणाले, "एकही स्क्रू नाही. बघा. शिका काहीतरी." वीस वर्षांच्या नोकरीत तिच्याकडे बोट दाखवून असं कोणी म्हटलं नव्हतं.

गोंद लावण्याआधी सगळे सांधे एकदा कोरडे जुळवून बघायचे, ही शेडमधली पद्धत. मग एकेक सोडवायचा, गोंद लावायचा आणि परत बसवायचा. तिचे सात सांधे सुटले. आठवा तिने फारच घट्ट कापला होता. त्याचा तिला अभिमानही होता. तो निघेना. लाकडी हातोडीने ठोकून झालं, पाय लावून ओढून झालं. तोवर सात सांध्यांवरचा गोंद धरायला लागला होता. बाकीची मंडळी बाहेर चहा पीत होती. इतक्या घट्ट सांध्याला गोंद कशाला, असं स्वतःशीच म्हणून तिने क्लॅम्प आवळले.

तेव्हा हवा दमट होती आणि लाकूड फुगलेलं होतं. आता हवा कोरडी पडली होती.

फट दोन दशांश असताना ती म्हणाली होती, तीन झाली की घरात सांगू. तीन झाल्यावर चार. कार्यालयात किती चूक चालेल याचा तक्ता भिंतीवर छापलेला असतो. इथला तक्ता तीच लिहीत होती आणि तीच खोडत होती.

तिने गॅलरीत जाऊन काकांना फोन लावला.

"काका, एक विचारायचं होतं. समजा, एखाद्याचा सांधा गोंदाशिवाय राहिला..."

"एखाद्याचा?"

"हो. समजा."

"समजा त्या एखाद्याला अक्कल असती, तर त्याने खोलून परत केला असता."

"बाकीचे सुकले असतील तर?"

काकांचं हसणं थांबलं. "त्याच्यावर काय असतं?"

आतून लेकीचं गाणं ऐकू येत होतं. "सामान," ती म्हणाली.

"मग कोपऱ्यात लोखंडी पट्टी ठोक आणि विसरून जा. फक्त खाचेखाली पायाला चीर नाही ना, ते बघ. चीर असली तर स्क्रू तिला आणखी उघडेल. मग काही खरं नाही. आणि ऐक, सामानच आहे ना ग?"

"पाहते आणि सांगते," म्हणून तिने फोन ठेवला.

टॉर्च घेऊन ती टेबलाखाली शिरली. पायाच्या आतल्या बाजूला एक बारीक रेघ होती. पेन्सिलची असेल. तिने ओलं बोट घासलं. रेघ गेली नाही. नख आडवं फिरवलं, नख अडकलं. मोजपट्टी लावली. अकरा सेंटीमीटर.

"लेकीला ताप आला तेव्हासुद्धा इतक्यांदा मोजला नव्हतास," दारातून नवरा म्हणाला. "काय झालंय?"

ती बाहेर येते तोच बेल वाजली. चाराला वीस मिनिटं कमी होती. दारात चपला भिरकावल्याचा आवाज झाला आणि तिघी खोलीत घुसल्या.

"हा बघा!" लेक म्हणाली. "माझ्या आईने केलाय. एकटीने! एकही स्क्रू नाही."

"अय्या, केवढा उंच! काकू, आम्ही तिघी मावू का हो वर?"

"मावू ग, चल!" लेकीने पहिल्या पायरीवर पाय ठेवलासुद्धा.

तिने शिडी धरली. दोन्ही हातांनी.

"आई, सोड ना."

"वर कोणी जायचं नाही."

"अगं, जाऊ दे की," नवरा हसला. "त्या काय हत्ती आहेत का?"

लेकीचे कान लाल झाले. मैत्रिणींकडे न बघता ती हळूच म्हणाली, "आई, प्लीज. मी सगळ्यांना सांगितलंय."

"माहितीये मला." तिने शिडी सोडली नाही. "एका सांध्यात गोंद नाहीये. मी लावलाच नाही. तीन महिने मला माहीत आहे, आणि तीन महिने मी तुला वर झोपू दिलं."

नवऱ्याचं हसू उतरलं. त्याने पुढे होऊन लेकीला दंडाला धरून खाली घेतलं. "मग खोलता येईल ना?" त्याने विचारलं.

"नाही. बाकीचे सात पक्के बसलेत, आणि पायाला चीर गेलीये." तिने गादीचं टोक ओढलं. "धर ही. मी पलंग कापतेय. आत्ता."