लांबचा लाल

गेथिनने पांढरा बॉल लालांच्या घोळक्याला हलकेच घासून मागे आणला आणि तपकिरी बॉलच्या पाठीला चिकटवून ठेवला. इम्रिसला आता एकही लाल सरळ दिसत नव्हता. काळ्या पडद्यापलीकडे स्नूकरच्या दुसऱ्या टेबलावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या, पण त्या यांच्यासाठी नव्हत्या.

इम्रिस उठला. टेबलाभोवती सावकाश एक चक्कर मारून तो वाकला आणि टेबलाच्या कडांच्या दोन कुशनांवरून पांढरा फिरवून त्याने हवा तोच लाल गाठला. वर पांढरा अशा जागी नेऊन सोडला की आता गेथिनलाच काही दिसेना. असे फटके गेथिनला त्यानेच शिकवले होते, जुन्या खाणकामगारांच्या क्लबात, पोराला क्यूची काठी धड पेलवतही नव्हती तेव्हापासून.

तेरा वर्षं एकाच टेबलावर खेळलेली ही दोन माणसं या स्पर्धेत एकमेकांसमोर आली, ती चिठ्ठ्यांच्या कृपेने. इम्रिस एक्कावन्नचा, गेथिन बावीसचा. दोघांची नावं व्यावसायिकांच्या यादीत अगदी तळाशी. दहा फ्रेम, म्हणजे दहा डाव, आधी जिंकेल त्याचं नाव आणखी वर्षभर यादीत राहणार होतं आणि हरेल त्याचं आज दुपारीच कापलं जाणार होतं. गेथिनचं कापलं गेलं असतं तर तो पुन्हा हौशी पोरांच्या रांगेत उभा राहिला असता. इम्रिसला मात्र आता कुणी रांगेतही उभं केलं नसतं.

क्लबातून नऊ माणसं मिनीबस करून आली होती आणि कुणासाठी टाळ्या वाजवाव्यात हे न कळून सगळ्यांसाठी वाजवत होती. त्यांचा म्होरक्या डिलविन, क्लबचा सेक्रेटरी. स्वतःला आयुष्यात सलग वीस गुणांच्या वर ब्रेक जमला नाही, पण सल्ला विश्वविजेत्यालाही देईल असा माणूस.

काल नऊ फ्रेम झाल्या, त्यात इम्रिस पाच-चारने पुढे होता. आज सकाळपासून तो आणखी दोन जिंकला होता, गेथिन एक. खरं तर हे असं व्हायला नको होतं, आणि का होतंय हे त्या अख्ख्या हॉलमध्ये फक्त गेथिनला ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यात क्लबात सराव करताना इम्रिसने टेबलाच्या या टोकावरून विचारलं होतं,

"त्या लालला काळा चिकटलाय का रे?"

दोन्ही बॉलांमध्ये वीतभर अंतर होतं. गेथिनने तसं सांगितलं. इम्रिस बराच वेळ क्यूच्या टोकाला खडू घासत राहिला.

"डावा डोळा मधोमध पुसत चाललाय," तो शेवटी म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, इलाज नाही. जवळचं सगळं ठीक आहे. लांबचा लाल म्हणजे नुसता डाग. कुणाला बोलू नकोस."

गेथिन कुणालाही बोलला नव्हता. पण ज्याला हे माहीत आहे त्याने इम्रिसशी कसं खेळावं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. एरवी प्रतिस्पर्ध्यासमोर काही उघडं ठेवायचं नसतं. इथे उलट, लांबचा एक लाल मुद्दाम मोकळा ठेवायचा. इम्रिस तो घेणारच. आयुष्यभर लांबचे लाल पाडून नाव कमावलेला माणूस, समोर मोकळा लाल असताना माघार घेणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तो चुकणार, बॉल विखुरणार आणि आयतं ताट समोर येणार.

गेथिनने ते करायचं नाही असं ठरवलं होतं. आपण फार मोठ्या मनाचे आहोत असंही त्याला त्या वेळी वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

तेरावी फ्रेम इम्रिसने काढली. आठ-पाच. पंधरा मिनिटांची सुट्टी झाली.

चहाचं यंत्र कॉरिडॉरच्या वळणावर होतं. गेथिन कागदी पेल्यात दूध ओतत होता तेव्हा वळणापलीकडून डिलविनचा आवाज आला.

"काय रे म्हाताऱ्या, अंगात काय संचारलंय तुझ्या?"

"म्हातारा असेल तुझा बाप."

"आमच्या पोराला जरा श्वास तरी घेऊ दे की! तेरा वर्षं शिकवलंस त्याला."

"शिकवलं ना. हात सोन्याचे आहेत त्याचे," इम्रिस म्हणाला. तो खुशीत होता, त्याचा आवाज तरुण वाटत होता. "पण खरं सांगू डिलविन? पोराला दात नाहीत. माणूस अडचणीत आला की चावता यायला हवं. याला नाही येत. गुणी आहे बिचारा."

"बिचारा," डिलविन हसला. "मग आता घरी परत न्यायचा की इथेच विकून टाकायचा?"

दोघं हसले. गेथिनने चहा एक घोटही न घेता डब्यात ओतून दिला. त्याला राग आला होता, आणि राग आलाय हे कळल्यावर जरा बरंही वाटलं. ज्याच्यावर आपण उपकार करतो आहोत त्यानेच आपल्याला बिचारा म्हणावं, हे कुणालाही झोंबेल.

चौदाव्या फ्रेमच्या तिसऱ्याच फटक्याला त्याने पांढरा तळाच्या कुशनला टेकवला आणि दूरच्या कोपऱ्यासमोर एक लाल मोकळा ठेवला. बघणाऱ्याला वाटलं, पोराचा अंदाज चुकला. क्लबातल्या एकाने हळहळून चुकचुकाटही केला. इम्रिस ताडकन उठला, वाकला, क्यू मागे घेतला आणि मारलं. लाल पॉकेटपासून दोन बोटांवर आदळून परत आला. गेथिनने त्यावर एकाहत्तरचा ब्रेक केला.

पंधराव्या फ्रेमला पुन्हा तेच. सोळाव्यालाही. आठ-आठ. क्लबची माणसं आता टाळ्या वाजवायची थांबली होती, कारण आपलाच एक माणूस आपल्या डोळ्यांदेखत असा का कोसळतोय हे त्यांना कळत नव्हतं. थकला असेल, डिलविन कुणाला तरी म्हणाला, वय झालंय.

सतराव्या फ्रेममध्ये इम्रिस लांबच्या लालसमोर आला आणि वाकलाच नाही. क्यू उभा धरून त्याने लालकडे पाहिलं, मग मान वळवून खुर्चीत बसलेल्या गेथिनकडे पाहिलं. गेथिनने पाण्याचा पेला उचलला, त्यात पाणी नव्हतं, तरी तो तोंडाला लावला. इम्रिसला अजून सुरक्षित खेळता आलं असतं. पांढरा मागे आणायला भरपूर जागा होती. पण त्याने वाकून तोच लाल मारला, आणि या वेळी तो पॉकेटच्या जवळपासही गेला नाही.

अठरावी फ्रेम वीस मिनिटांत संपली. दहा-आठ. दोघांनी हात मिळवले, पंचाशी मिळवले. डिलविन पुढे येऊन गेथिनची पाठ थोपटून गेला आणि इम्रिसची जरा जास्त वेळ थोपटली.

खेळाडूंच्या खोलीत दोन बाकं आणि एक आरसा, एवढंच होतं. इम्रिस टाय सोडून बसला होता, क्यूचे दोन भाग वेगळे करून मांडीवर घेतले होते. गेथिन दारातच थांबला.

"ये की आत. मी चावत नाही."

गेथिन समोरच्या बाकावर बसला.

"मला राग नाही आला," इम्रिस म्हणाला. "डोळा माझा गेलाय, तुझा नाही. मीही तेच केलं असतं. एकच सांग, मधल्या सुट्टीपर्यंत का थांबलास?"

"मला तसं जिंकायचं नव्हतं."

"मग जिंकायचंच नव्हतं. हरून मोकळा झाला असतास, मी कुणाला बोललो नसतो."

चहाच्या यंत्राजवळ ऐकलेलं सांगावं असं एकदा गेथिनच्या मनात आलं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

"मी तयारीने आलो होतो रे," इम्रिस म्हणाला. "काल निघताना बायकोला, नेरिसला सांगितलं, पोराला सगळं माहीत आहे, दहा-दोनने मार खाऊन येतो, उद्या जेवायला घरी. रडून झालं होतं आमचं. आणि इथे येऊन बघतो तर तू लांबचा एकही लाल ठेवत नाहीस. तेरा फ्रेम. एकही नाही. मला वाटलं, मीच तुला ठेवू देत नाहीये. मला वाटलं, मी एवढा चांगला खेळतोय."

"तुम्ही चांगलेच खेळत होता."

"गप बस."

बाहेर कुणीतरी पुढच्या जोडीची नावं पुकारत होतं. इम्रिसने क्यूचे तुकडे पेटीत ठेवले आणि झाकण न लावताच हात मांडीवर ठेवले.

"आमच्या गावच्या शाळेत केअरटेकरची जागा होती. आज बारापर्यंत होय-नाही कळवायचं होतं. मधल्या सुट्टीत फोन करून नको म्हणून सांगितलं. चांगलं हसत हसत सांगितलं."

"परत करा ना फोन."

"आत्ता केला. दुसऱ्याला दिली म्हणे."

तेवढ्यात दार उघडून स्पर्धेच्या बाईंनी आत डोकावलं. उद्या सकाळी दहा वाजता, तीन नंबरचं टेबल, त्या गेथिनला म्हणाल्या आणि इम्रिसकडे न बघता निघून गेल्या.

"उद्या कोण आहे?" इम्रिसने विचारलं.

"स्कॉटलंडमधल्या डंडीचा कुणीतरी पोरगा. पहिलंच वर्ष आहे त्याचं."

इम्रिसने मान हलवली. उठून कोट चढवला, पेटी बंद केली आणि तेरा वर्षं सरावानंतर जसा गेथिनच्या खांद्यावर हात ठेवायचा तसा ठेवला.

"पहिल्या फ्रेमपासून मार त्याला," तो म्हणाला. "दया करायला जाऊ नकोस. त्याने तुझं काय वाकडं केलंय?"