चुंबळीला मणी

"आज टँकर यायचा, अन् तू कुठं निघालीस गं नटूनथटून?"

केवळाबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं. वस्तीच्या लिंबाखाली घागरींची रांग लागली होती. तारामतीनं आपल्या दोन घागरी रांगेत सरकवल्या आणि घागर डोक्यावर टेकवायची एकेक कापडी चुंबळ त्यांच्या तोंडावर बेतानं मांडली. अंगावर घडीचं जांभळं लुगडं, डोक्याला चापून तेल, काखेत भाकरीचं गठुडं. दुष्काळातलं माणूस असं दिसत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

"लातूरला. जिल्हा बघून येतो."

"मागल्या बारीला बघितलास की."

"मागल्या बारीला आइतवार होता. जिल्हा बंद होता."

केवळाबाईला हसावं की रागवावं ते कळेना. लातूर जिल्हा होऊन चार उन्हाळे झाले होते आणि चारही कोरडे गेले होते. अहमदपूरकडच्या या गावाचा कागद उस्मानाबादेऐवजी लातूरला जायला लागला, एवढाच काय तो फरक. आडाचं पाणी काही त्यामुळे वर आलं नव्हतं.

"अन् पाणी कोण भरंल तुझं?"

"तू हायस की मागं," तारामती म्हणाली आणि फाट्याकडे चालू लागली. तिथं तिचा नवरा पंढरी छत्री उघडून केव्हाचा उभा होता.

रांगेची रीत अशी होती. सगळ्यांच्या घागरी अहमदपूरच्या एकाच दुकानातल्या, एका ठशाच्या. ओळखायच्या त्या चुंबळीवरून. घागरीच्या तोंडावर चुंबळ असली, म्हणजे बाई आहे, येणार आहे. मग मागची बाई ती घागर भरून बाजूला ठेवी. घागर उघडी दिसली, की बाईनं पाळी सोडली असं धरून रांग पुढं सरके. टँकरवर झिंज्या उपटायची वेळ आली तरी दुसरीच्या चुंबळीला कुणी हात लावत नसे.

बाकीच्यांच्या चुंबळी म्हणजे चिंध्यांचे वेटोळे. तारामतीच्या मात्र बघत राहाव्या अशा. एक तिच्या पोराच्या, श्रीमंतच्या, शाळेतल्या खाकी चड्डीची, तिला लाल दोऱ्याची वीण आणि कडेनं मणी. दुसरी पोरगी पंचशीलाच्या फुलाफुलांच्या झग्याची, तिला गोंडे. पोरगा औरंगाबादेला कारकून झाला, पोरगी नांदेडला नर्स झाली, पंढरी शाळेच्या चपराशीपणातून रिटायर झाला आणि घर एकदम रिकामं झालं. पहिले काही महिने तर हिच्या हातून भाकरी जास्तीच्याच व्हायच्या आणि दोघं त्या शिळ्या खात बसायचे. मग एके दिवशी ट्रंकेतले पोरांचे जुने कपडे निघाले, आणि जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपं चालवलेल्या हातांना सुई सापडली.

वस्ती हसली. पाण्याचा पत्ता नाही अन् हिच्या चुंबळीला मणी. तारामती म्हणायची, "पाणी सरकारच्या हातात, मणी माझ्या." तिची माय आडाच्या काठाखाली रिकामी घागर घेऊन बसायची. वरून कुणाला दया आली तर ओतायचं, नाही तर बसून राहायचं. त्या घागरीला रांग नव्हती आणि पाळीही नव्हती. लेकीची घागर मात्र रांगेत उभी राहायची, मग ती नटूनच उभी राहील, असं तारामतीनं ठरवून टाकलं होतं.

सहलींचंही तसंच. लग्नानंतर ती माहेराशिवाय कुठं गेली नव्हती. आता महिन्यातून एकदा दोघं एसटीत बसायचे. मुखेडचा बाजार बघून झाला, नांदेडला गोदावरीचा पूल झाला. किनवटची रेल्वे बघायची राहिली होती. काही विकायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. बघायचं, खायचं आणि दिवेलागणीला घरी.

पण आजच्या जाण्याला घाई होती. श्रीमंतनं कंडक्टरजवळ सांगावा धाडला होता, शनिवारी, म्हणजे आजच, सांजच्याला येतो, आइतवारी दोघांना घेऊन जातो, घराला कुलूप लावू, पाऊस पडल्यावर बघू. सूनबाईला दिवस गेले होते. नाही म्हणायची सोय नव्हती आणि हो म्हणायची तारामतीची तयारी नव्हती.

लातूरच्या कलेक्टर कचेरीच्या व्हरांड्यात दोघं बाकावर बसली. रांजणातलं पाणी प्यायली. समोरून फायली धावत होत्या. एक शिपाई येऊन विचारू लागला, "काय काम हाय?"

पंढरी सवयीनं उठून उभा राहिला. तारामतीनं त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"काम न्हाई. बसायला आलो."

"इथं बिगर कामाचं कोण येतं का, मावशी?"

"आमी येतो," ती म्हणाली. शिपाई डोकं खाजवत निघून गेला.

पंढरी छत्रीच्या दांड्याशी चाळा करू लागला. मग म्हणाला, "जाऊ की गं. तिथं नळ हाय. लेकराजवळ राहू."

"लेकराजवळ राहायला कुणाला नको वाटतं? बाळंतपण करून देते की मी. तिला हिकडं पाठव म्हणावं, न्हाई तर महिना-दोन महिने मी जाऊन येते. पर घराला कुलूप लावून कायमचं जायचं माझ्यानं होत न्हाई. तिथं मी कोपऱ्यात बसंल. भाईर निघाले तर कुठं चालली, कामून चालली, असं सांगत बसावं लागंल. जलमभर सांगूनच जगले. आत्ता कुठं न सांगता निघायला शिकले."

पंढरी छत्री घेऊन उठला. बाहेर आल्यावर त्यानं दोन बर्फाचे गोळे घेतले, एक लाल, एक हिरवा. दोघांनी भर रस्त्यात उभं राहून चोखून खाल्ले. तिचे ओठ रंगले तसा तो हसला, आणि तीही तोंडाला पदर लावून हसली.

दिवेलागणीला घरी आली तर श्रीमंत उंबऱ्यावर बसलेला. शेजारी नवंकोरं पितळी कुलूप, आणि दोन्ही घागरी. तारामतीनं घागरीत हात घातला. कोरड्या ठण्ण.

"पाणी आलं न्हाई का?"

"आलं होतं," श्रीमंत मान खाली घालून म्हणाला. तेवढ्यात केवळाबाई तणतणत आली.

"मी टँकरच्या नळीपाशी होते गं. वळून बघते तर तुझ्या घागरी बोडक्या. मला वाटलं, लेक न्यायला आला, तू पाळी सोडलीस. रांग गेली म्होरं. चुंबळी काढल्या कुणी?"

श्रीमंतच्या हातात दोन्ही चुंबळी होत्या.

"मी काढल्या. एसटीतून उतरलो तर सगळ्या बायांम्होरं माझी चड्डी मांडलेली. मणी लावून. हसायल्या होत्या सगळ्या. मला लाज वाटली, माय."

केवळाबाईनं कपाळावर हात मारला. "अरे, औरंगाबादेत येवढं शिकलास, अन् चुंबळीला हात लावत न्हाईत हे इसरलास?" ती गेली आणि तांब्याभर पाणी आणून उंबऱ्यावर ठेवून परत गेली. तिच्याकडेही त्याहून जास्त नव्हतं.

आता पुढचा टँकर मंगळवारी. श्रीमंतची चूक होती, पण आईबापाला न्यायचं कारणही त्यालाच मिळालं.

"बघ, माय. एक दिवस हिंडायला गेलीस तर घरात थेंब न्हाई. असं किती दिवस काढणार? बा, तुमी तरी सांगा तिला."

पंढरीनं बायकोकडे बघितलं. तारामतीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचंही आणि मायेचंही. तिनं लेकाच्या हातातून खाकी चुंबळ घेतली, डोक्यावर बसवली, तिच्यावर घागर ठेवली आणि पायवाटेनं नदीकडे निघाली. नदी म्हणजे नुसती वाळू. तिथं खड्ड्यात वाटी-वाटीनं पाझर भरायचा असतो. पंढरीनं छत्री खुंटीला अडकवली. मग दुसरी घागर त्यानं खांद्यावर घेतली आणि तिच्या मागोमाग गेला. शाळेत हजार घंटा वाजवलेल्या त्या माणसाचं हेच उत्तर होतं. श्रीमंतला ते कळलं.

दोघं अर्ध्या-अर्ध्या घागरी घेऊन आली. तारामतीनं पाणी पदरानं गाळलं आणि पहिला तांब्या लेकापुढं धरला.

"घे. मातीचा वास हाय, पर तुझी माय कुणाच्या दयेवर बसली न्हाई आज."

तो गटागटा प्याला. मग तिघं जेवायला बसली. हात धुता धुता तो एवढंच म्हणाला, "मग मी परत घ्यायला येणार न्हाई. सांगून ठेवतो."

"घ्यायला नको येऊ. भेटायला ये," तारामती म्हणाली.

सकाळच्या गाडीनं तो गेला. जयभीम म्हणून पाया पडला आणि मागं न बघता चढला. फाट्यावरची धूळ बसली तरी ती तिथंच उभी होती. या पोराला आपण धुडकावून लावलं की काय, नातवाचं तोंड तरी बघायला मिळेल का, हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. घरी आल्यावर ती कोपऱ्यात बसून पोटभर रडली. पंढरीनं तिला रडू दिलं आणि स्वतः चूल पेटवली.

मंगळवारी घागरी रांगेत ठेवायच्या म्हणून ती चुंबळी शोधू लागली. फुलाफुलांची सापडली. खाकी सापडेना. खुंटीवर नाही, ट्रंकेत नाही, चुलीमागं नाही. खुंटीला नुसतं ते नवं कुलूप टांगलेलं होतं, किल्लीसकट.

"कुठं गेली वं?" तिनं विचारलं.

"श्रीमंत गेला त्या सकाळी त्याच्या पिशवीचं तोंड बंद होईना," पंढरी म्हणाला. "मी बघितलं न बघितल्यावानी केलं."

तारामतीनं खुंटीवरचं कुलूप हातात घेऊन बघितलं. मग ट्रंकेतून तिनं पंढरीचा चपराशाचा जुना कोट काढला, त्याची एक बाही कापली आणि उंबऱ्यावर बसून नवी चुंबळ वळली. मणी लावायला वेळ नव्हता, म्हणून कोटाचं पितळी बटणच तिच्यावर टाचलं.

लिंबाखाली केवळाबाई आजही तिच्या मागंच होती. तिनं बटणाकडे बघितलं, जांभळ्या लुगड्याकडे बघितलं.

"आज आणखी कुठं?"

"किनवटला. रेल्वे बघायला. रात्री पंचशीलाकडं नांदेडला राहतो, उद्या येतो."

"अन् घर?"

"कुलूप आणलंय लेकानं," तारामती म्हणाली. "चांगलं दणकट हाय."

तिनं दोन्ही घागरींवर चुंबळी नीट बसवल्या, किल्ली पदराच्या टोकाला गाठ मारून कमरेला खोचली आणि पंढरी छत्री घेऊन उभा होता तिकडे चालू लागली.